सतरा घरं आणि एक उन्हाळा

प्रिय ताई,

तीन महिन्यांपूर्वी मी नोकरीतून निवृत्त झाले. ३४ वर्षांत नातेवाइकांकडे जाणं असं झालंच नाही. गेले तरी धावती भेट, संध्याकाळी पोचायचं आणि रात्रीच परत निघायचं. जो भेटेल तो म्हणायचा, "तू येतच नाहीस." निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी मी एक वही केली आणि ज्यांच्याकडे जायचं राहिलं त्यांची नावं लिहून काढली. सतरा घरं झाली. उन्हाळ्याचे नऊ आठवडे धरले, आठवड्याला दोन घरं, आणि एकेकाला फोन लावायला सुरुवात केली.

थोरली बहीण (वय ७१, हल्ली तिचा गुडघा फार दुखतो) म्हणाली, "ये ना, पण दोनच दिवस." वहिनी म्हणाली, "आधी कळवा हं, मुलांचे क्लास असतात." मुलगा म्हणाला, सुट्टीत आम्ही समुद्रावर जातोय, चार दिवस तूही चल. चारच दिवस! नातू सहा वर्षांचा आहे, मला नीट ओळखतही नाही. मिस्टर पाच वर्षांपूर्वी निवृत्त झाले. ते म्हणतात, दोन महिने घर सोडून मी कुठेही येणार नाही. एका घरी तर फोन करायचा धीरच झाला नाही. काका गेले तेव्हा वर्षअखेरीचं काम होतं, मी गेले नाही. त्याला चार वर्षं झाली. आता काकूंकडे जायला तोंड नाही.

रक्तदाबाची गोळी चालू आहे, बाकी तब्येत ठणठणीत. वेळ नव्हता तेव्हा सगळे बोलवत होते. आता वेळ आहे, तर मी कुणालाच नको आहे का? माझं काय चुकलं?

– वहीवाली

प्रिय वहीवाल्या ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण असा प्रश्न मनात घेऊन झोप लागत नाही. तुम्ही कुणालाही नको झालेल्या नाही. बहीण 'ये' म्हणाली आहे. वहिनीने 'कळवा' म्हटलंय, 'येऊ नका' म्हटलेलं नाही. मुलाने तर आपणहून बोलावलंय. दारं उघडी आहेत, फक्त तुम्ही मनात धरली होतीत तेवढी सताड नाहीत, आणि तेवढ्याने तुमचं मन खट्टू झालं. ते होणारच. इतकी वर्षं मनात जपलेली गोष्ट घेऊन आपण कुणाच्या दारात उभं राहावं आणि समोरून 'दोनच दिवस' ऐकू यावं, हे लागतं. मला वाचतानासुद्धा लागलं.

पण ज्या वाक्यावर तुम्ही सगळा बेत उभारलात, ते वाक्य जरा नीट बघू या. 'तू येतच नाहीस.' हे माणसं कधी म्हणत होती? बहिणीची मुलं लहान असताना, तिला कुणीतरी हाताशी हवं असताना. वहिनी घरात नवी असताना. त्या त्या वेळी त्यांना तुम्ही खरोखर हव्या होतात. तुम्ही येऊ शकला नाहीत, ती निकडीची वेळ त्यांनी कशीबशी निभावली आणि पुढे त्यांच्या दिवसांना तुमच्यावाचून घडी बसली. त्यात राग असेलच असं नाही. तुम्ही नोकरीतून मोकळ्या झालात तो दिवस तुमच्या आयुष्यातला केवढा मोठा दिवस होता! त्यांच्या घरी मात्र तो नेहमीसारखाच एक मंगळवार होता.

थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ साली आयुष्यातल्या ४३ घटनांची एक यादी प्रसिद्ध केली. प्रत्येक घटनेनंतर माणसाला नव्याने सावरायला किती कष्ट पडतात, त्याला त्यांनी गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू १००, घटस्फोट ७३, निवृत्ती ४५. याच यादीत खाली खाली दोन साध्या गोष्टी आहेत, ज्या वाचून मला पहिल्यांदा आश्चर्य वाटलं होतं. कुटुंबीयांच्या भेटीगाठींचं प्रमाण बदलणं, १५. आणि सुट्टीवर जाणं, १३. म्हणजे आनंदाच्या गोष्टीही माणसाला दमवतात. तुम्ही या तिन्ही गोष्टी एकाच उन्हाळ्यात घ्यायला निघालात. बेरीज करून बघा, ७३ होते, म्हणजे घटस्फोटाइतकीच. हे गुण म्हणजे ढोबळ सरासरी आहे, तुमच्या मनाचं मोजमाप नव्हे. पण तीन महिन्यांत तुम्ही एका साध्या फोनवरून इतक्या दुखावल्या का जाताय, याचं थोडं उत्तर त्यात आहे. तुम्ही आतून दमलेल्या आहात, ताई. तुमच्या उत्साहामुळे ते तुमच्या लक्षात आलेलं नाही.

आता वहीकडे येते. ती वही मला मनापासून आवडली, फाडून टाका असं मी सांगणार नाही. पण तुमच्या पत्रात 'राहिलं' हा शब्द आहे, आणि मला काळजी वाटते ती त्या शब्दाची. ३४ वर्षं ज्यांनी वर्षअखेर गाठली, त्यांना राहिलेलं काम दिसलं की चैन पडत नाही. किती घरं, किती आठवडे, लावला हिशोब. तुंबलेल्या कागदांचा गठ्ठा असा उपसता येतो. माणसांचं तसं होत नाही, कारण माणसं जिथे सोडली तिथे थांबलेली नसतात.

दोन दिवसांच्या मुक्कामात काय होतं ते आठवून बघा. पहिला दिवस पोचण्यात आणि 'किती बारीक झालीस' मध्ये जातो. ते घर त्या दिवशी पाहुण्यांसाठी आवरलेलं असतं, बोलणंही आवरलेलं असतं. कोण कुठे नोकरीला लागलं, कुणाचं लग्न ठरलं, कुणाच्या गुडघ्याला कुठला डॉक्टर. दुसऱ्या दिवशी दुपारपासून तुमचं लक्ष बॅगेकडे आणि त्यांचं घड्याळाकडे. खरं घर दिसायला लागतं ते तिसऱ्या दिवशी, जेव्हा यजमानांना पाहुणचाराचा कंटाळा येतो आणि पाहुण्याला आपला टॉवेल कुठे वाळत घालायचा ते कळतं. तुमच्या बेतात तो तिसरा दिवस उजाडतो न उजाडतो तोच पुढच्या घरी निघायचं होतं.

मी स्वतः निवृत्त झाल्यावर मावशीकडे गेले होते. बारा वर्षांनी. पहिले दोन दिवस आम्ही दोघी अगदी शहाण्यासारख्या बोललो. तिसऱ्या दिवशी सकाळी ती दोरीवरच्या वाळलेल्या चादरी काढत होती, मी दुसरं टोक धरलं. मोठी चादर एकट्याने घडी करायची म्हणजे ओढाताण, दोघींनी करायची तर सोपं. आपण लांब उभ्या राहतो, चादर ताणतो, झटकतो, मग मध्ये येऊन टोकं जुळवतो, पुन्हा मागे, पुन्हा मध्ये. तिसऱ्या चादरीला आमचे हात टोकाशी एकत्र आले आणि तिने चादर सोडलीच नाही. हातात धरूनच म्हणाली, "तुझे काका गेल्यापासून मी या डबल चादरी काढल्याच नव्हत्या. काल तुझ्यासाठी काढल्या." मग घडी घातली आणि पुढची चादर घेतली. त्यानंतर आम्ही दिवसभर काकांबद्दल बोललो. आदले दोन दिवस समोरासमोर बसूनही त्यांचं नाव निघालं नव्हतं.

म्हणून मी म्हणते, घरं कमी करा आणि मुक्काम वाढवा. या उन्हाळ्यात सतरा नकोत. चार पुष्कळ झाली. कुठली चार, हे रस्त्यात कोण लागतं यावरून ठरवू नका. सगळ्यात वयस्कर कोण, एकटं कोण राहतं, कुणाच्या घरी आजारपण आहे आणि कुणाशी बोलायचं अडलंय, या क्रमाने वही नव्याने लिहा. 'गेलो नाही तर रागावतील' म्हणून जी नावं आली असतील, त्यांना एक सविस्तर फोन पुरतो. आणि वहीत प्रत्येक नावापुढे तारीख लिहिण्याआधी एक ओळ लिहा, या माणसाकडे मला कशासाठी जायचंय. जिथे ओळ सुचणार नाही, ते घर पुढच्या वर्षी.

थोरल्या बहिणीचं घर अर्थातच पहिलं. तुम्ही तिचं 'दोनच दिवस' ठळक लिहिलंत आणि तिचा गुडघा कंसात टाकलात. मला वाटतं तिचं उत्तर त्या कंसात आहे. ७१ वर्षांच्या, गुडघा धरलेल्या बाईला पाहुणा म्हणजे काय असतं? वरच्या फळीवरची गादी काढणं. दोन वेळचा जास्तीचा स्वयंपाक उभ्याने करणं. बाथरूम आवरणं. तुम्ही आलात म्हणून आणखी चारजण भेटायला येणं, आणि त्यांची ऊठबस. धाकटी बहीण इतक्या वर्षांनी येणार म्हणजे तिला काही कमी पडू द्यायचं नाही, हे तिने मनात पक्कं केलेलं असणार, आणि असं आपल्याला किती दिवस निभावता येईल याचा तिने प्रामाणिक अंदाज बांधला. दोन दिवस. ती तुमच्यावरच्या मायेत काटकसर करत नव्हती, स्वतःच्या गुडघ्याचा हिशोब करत होती. आणि तसं तोंडाने कबूल करायला मोठ्या बहिणीला किती जड जातं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तेव्हा तिच्याकडे पाहुणी म्हणून जाऊच नका. हाताशी म्हणून जा. जाण्याआधी तिला सांगा, मी आले की स्वयंपाकघर माझं, तू खुर्चीवर बसून सांगायचंस. अंथरूण मी घालीन, भेटायला येणाऱ्यांना आपण एकच संध्याकाळ देऊ. तिची डॉक्टरांची तारीख असेल तर तिच्या आसपास जा, सोबत जा, डॉक्टर काय म्हणाले ते कागदावर लिहून घ्या. तरीही ती 'नको गं, कशाला' म्हणाली, तर दोन दिवसांवर राजी व्हा आणि जाऊन या. दोनाचे पाच तिथे गेल्यावर तीच करील. आणि नाही केले, तरी तुम्ही तिचा शब्द मानलात हे तिच्या लक्षात राहील, पुढच्या वेळी ती मोकळेपणाने बोलवील.

दुसरं घर काकूंचं. ते तुमच्या वहीत बहुधा सगळ्यात शेवटी असेल, आणि तुमचं पत्र खरं तर त्याच घरासाठी लिहिलेलं आहे असं मला वाटत राहिलं. चार वर्षं हा काट्यासारखा सल घेऊन बाकीच्या सोळा घरी हसून बोलायचं म्हणजे अवघडच.

तिथे एकदम जाऊन उभ्या राहू नका आणि फोनही करू नका. फोनवर समोरच्याला त्याच क्षणी उत्तर द्यावं लागतं. चार ओळींचं पत्र हाताने लिहा. 'काका गेले तेव्हा मी यायला हवं होतं, आले नाही. त्याचं मला रोज वाईट वाटतं. तुम्ही म्हणाल तेव्हा येईन.' बस. वर्षअखेर, साहेब, रजा, यातलं एक अक्षर लिहू नका. ते सगळं खरं असलं तरी ते वाचताना काकूंना इतकंच दिसेल की काकांच्या जाण्यापेक्षा काहीतरी जास्त महत्त्वाचं होतं. कारण सांगितलं की समोरच्या माणसावर ते मान्य करण्याचं ओझं येतं. ते त्यांच्यावर टाकू नका.

त्यांनी बोलावलं तर जा, एक दुपार जा. क्षमा मागा एकदाच. मग विचारा, शेवटचे दिवस कसे गेले, आणि ऐका. चार वर्षांपूर्वी सगळ्यांनी विचारलं असेल, सगळ्यांना सांगून झालं असेल. आता कुणी विचारत नाही. गेलेल्या माणसाचं नाव घरात घ्यायला कुणी उरत नाही, हे वैधव्याचं फार मोठं दुःख आहे, आणि तुम्ही उशिरा येताय म्हणूनच ती जागा तुमच्यासाठी रिकामी आहे. तुम्हाला काकांची एखादी आठवण असेलच, सायकल शिकवली, परीक्षेच्या आदल्या दिवशी पेन आणून दिलं, काहीही. ती काकूंना माहीत नसलेली आठवण त्यांना नेऊन द्या. त्या रागावल्या तर रागावू द्या. त्यांचा तो हक्क आहे, आणि अबोल्यापेक्षा रागावणं बरं. पत्राचं उत्तर आलंच नाही, तर वर्षभराने काकांच्या स्मृतिदिनाला पुन्हा दोन ओळी लिहा. जबरदस्तीने दार ढकलू नका.

मिस्टरांबद्दल थोडक्यात सांगते. ते पाच वर्षं आधी निवृत्त झाले. पाच वर्षं रोज सकाळी तुम्ही दार ओढून निघालात आणि त्यांनी त्या रिकाम्या घरात स्वतःचा दिवस रचला. काय काय धडपडून रचला असेल, हे तुम्ही पाहिलेलं नाही. तो दिवस दोन महिन्यांसाठी मोडायचा ते नाकारतात, तर त्यांना ओढून नेऊ नका. बहिणीकडे आणि काकूंकडे तुम्ही एकट्याच जा, ते बरंच आहे, दोघी बहिणींना नवरे बसलेले असताना धड बोलता येत नाही. त्यांच्यासोबत मात्र एक सहल करा, जागा त्यांनी ठरवायची, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. तुम्हा दोघांचीही कितीतरी वर्षांची भेट राहिलेली आहे. ती सतरा घरांत धरलेली दिसत नाही.

मुलाच्या चार दिवसांवर तुम्ही उद्गारचिन्ह मारलंत. मी तुमच्या जागी असते तर लगेच 'हो' म्हटलं असतं. नोकरीतल्या माणसाची रजा किती मोलाची असते, हे तुमच्याइतकं कुणाला कळणार? ३४ वर्षं तुम्ही हेच जगलात. त्यातले चार दिवस त्याने तुमच्या नावाने काढले आहेत. त्या चार दिवसांत सुनेच्या सामानात, मुलाच्या खर्चात आणि नातवाच्या झोपण्याच्या वेळेत लक्ष घालू नका. एक गोष्ट मात्र मागून घ्या. रोज सकाळचा एक तास नातू आणि तुम्ही, बाकी कुणी नाही. मुलगा-सून तेवढा वेळ निवांत झोपतील, त्यांनाही तुमचं येणं हवंसं वाटेल.

त्या तासात काय करायचं याचा फार विचार करू नका, आणि रोज नवं काही शोधूही नका. सहा वर्षांच्या मुलाला तेच ते पुन्हा करायला आवडतं. पहिल्या दिवशी वाळूत खड्डा खणलात, त्याने 'उद्या पण' म्हटलं, तर चारही दिवस खड्डाच खणा. मोठी माणसं खूप ठिकाणं दाखवायला बघतात आणि मूल पाय ओढत मागून येतं. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अनोळखी माणसांची मैत्री व्हायला किती वेळ लागतो ते पाहिलं. जुजबी मैत्रीला साधारण ५० तास, आणि जवळच्या मैत्रीला २०० तासांहून जास्त. तो अभ्यास मोठ्या माणसांचा आहे, आजी-नातवाचा नाही. तरी मला तो आकडा धीर देतो, कारण त्यात कौतुक, भेटवस्तू, हुशारी यांचा हिशोब नाही, एकत्र काढलेल्या वेळाचा आहे. समुद्रावरचे तुमचे चार तास होतील. मग दर रविवारी पंधरा मिनिटं फोनवर त्याच खड्ड्याबद्दल बोला. वर्षाचे आणखी तेरा तास होतात. नातू तुम्हाला ओळखायला लागायला इतकी सुरुवात पुरे.

आता उन्हाबद्दल, आणि हे मी जरा कळकळीने सांगते आहे. 'रक्तदाबाची गोळी चालू आहे, बाकी ठणठणीत' असं तुम्ही एका दमात लिहून मोकळ्या झालात. वय वाढतं तशी तहानेची जाणीव मंद होते आणि घामही कमी येतो. म्हणजे शरीर तापत असतं आणि आपल्याला पत्ता नसतो. त्यात रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवतात, शरीरातलं पाणी आणि क्षार आणखी कमी होतात. उन्हात रक्तदाब आधीच थोडा उतरतो, त्यामुळे बसल्या जागेवरून झटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. निघण्याआधी गोळ्यांची चिठ्ठी घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा आणि स्पष्ट विचारा, प्रवासात आणि कडक उन्हात हीच मात्रा ठेवायची का, आणि दिवसाला पाणी किती प्यायचं. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. बसमध्ये सारखं उतरावं लागू नये म्हणून पाणी न पिण्याची आपल्या पिढीतल्या बायकांची सवय आहे. ती कृपा करून घरी ठेवून निघा. तहान लागायची वाट न बघता दर थोड्या वेळाने दोन घोट घ्या.

आणखी एक. नव्या जागेच्या उष्णतेची शरीराला सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. आठवड्याला दोन घरं या बेतात तुमच्या शरीराला एकाही जागेची सवय झाली नसती. नऊ आठवडे ते नुसतं पळत राहिलं असतं. मुक्काम लांबवण्याचं हेही एक कारण आहे. प्रवास पहाटे किंवा संध्याकाळी ठेवा, भर दुपारी घरात राहा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की हवा ४० अंश सेल्सिअसच्या वर गेली की पंख्याने अंग गार होत नाही, उलट तापतं. अशा दुपारी अंग ओल्या फडक्याने पुसणं जास्त उपयोगाचं. चार तासांहून जास्त एका जागी बसून प्रवास झाला तर पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. तो एरवी कमीच असतो, पण आपल्या वयात उठून चार पावलं चालणं आणि बसल्या बसल्या टाचा वरखाली करणं सोडू नये. बरोबरीचं कुणी उन्हात असंबद्ध बोलायला लागलं, तोल जायला लागला, अंग तापलेलं लागलं, तर 'पड जरा' म्हणू नका. तो उष्माघात असू शकतो. लगेच रुग्णालयात न्यायचं आणि तोवर सावलीत अंग ओलं करून वारा घालायचा. आणि समुद्रावर नातवाला पाच मिनिटंसुद्धा बंद गाडीत बसवून ठेवू देऊ नका. उन्हात उभ्या गाडीत दहाच मिनिटांत तापमान सुमारे १० अंशांनी चढतं.

उरलेल्या तेरा घरांचं काय, हे तुम्ही विचाराल. वर्षभर आहे की! तीन आठवड्यांनी एक घर धरलंत तर सतराच्या सतरा घरं ५१ आठवड्यांत होतात, म्हणजे जवळजवळ एक वर्ष, आणि त्यात चांगल्या हवेचे दिवसही आले. वहिनीला फोन करून विचारा, मुलांचे क्लास संपतात कधी, तुला कुठले दिवस सोयीचे, आणि तिने सांगितलेला आठवडा वहीत लिहा. तिने 'कळवा' म्हटलं ते खरंच होतं, हे तुम्हाला तिथे गेल्यावर कळेल.

हे सगळं वर्षभर पसरा म्हणण्यामागे माझा एक हेतू आहे. रॉबर्ट अ‍ॅचली या समाजशास्त्रज्ञांनी १९७६ साली निवृत्तीचे टप्पे मांडले. त्यात सुरुवातीला मधुचंद्रासारखा काळ असतो, फिरू, भेटू, सगळं राहून गेलेलं करू, असा. त्यानंतर बऱ्याच जणांच्या वाट्याला ओहोटी येते. सुट्टी संपत नाही आणि कुणी वाटही पाहत नाही, असं वाटायला लागतं. सगळ्यांना ते होतंच असं नाही, मला झालं होतं. तुम्ही सतराही घरं या दोन महिन्यांत उरकलीत, तर ती ओहोटी येईल तेव्हा वहीत एकही पान कोरं नसेल. तेव्हासाठी काही घरं हातची ठेवा.

आज दुपारी बहिणीला पुन्हा फोन करा. जेवण उरकून ती जरा पडते, ती उठल्यावर. येण्याचा विषय तुम्ही काढू नका, दोन दिवस की पाच हेही नको. गुडघ्याचं विचारा, जिना किती वेळा चढावा लागतो ते विचारा, आणि मग विचारा, "ताई, तुझ्याकडे हल्ली चादरी कोण बदलतं गं?"